बंद दुकानाचा हिशेब

एस. वाय. बी. ए.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा फळ्यावर उत्पादनखर्चाच्या वक्ररेषा काढल्या आणि प्रश्न विचारला, "तोट्यात चाललेला दुकानदार दुकान उघडे का ठेवतो?" वर्गात शांतता पसरली. मग त्यांनीच उत्तर सांगितले. गाळ्याचे भाडे, कर्जाचा हप्ता हे खर्च दुकान उघडे असो वा बंद असो, द्यावेच लागतात. त्यांना स्थिर खर्च म्हणतात. माल, मजुरी यांचा खर्च विक्रीबरोबर कमीजास्त होतो, तो बदलता खर्च. गल्ल्यात येणाऱ्या पैशातून बदलता खर्च भागून भाड्यासाठी चार रुपये जरी उरत असले, तरी दुकान बंद ठेवण्यापेक्षा उघडे ठेवण्यात तोटा कमी. तेही उरेनासे झाले की शहाण्या माणसाने कुलूप लावावे.

सरांचे म्हणणे पटले. पण मनात एक शंका राहिली. आकृतीतला दुकानदार कुलूप केव्हा लावायचे ते स्वतः ठरवतो. २०२० साली आमच्या गावातल्या दुकानदारांना तसे ठरवता आले नाही. जनता संचारबंदीच्या दिवशी, २२ मार्च २०२० रोजी, आमचे सलून बंद झाले; पाठोपाठ २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. राज्य सरकारच्या परवानगीने २८ जूनला आमचे दुकान उघडले, तेव्हा मधे ९८ दिवस गेले होते. गल्ला शून्य, स्थिर खर्च मात्र चालू, असे ते ९८ दिवस होते. महामारीसारख्या संकटाला लहान धंदा कशाच्या बळावर तोंड देतो, त्याला आधी काही तयारी करता येते का, आणि नंतर तो स्वतःला कसा बदलतो, हे त्या ९८ दिवसांच्या आधाराने समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आधार म्हणजे आमच्या दुकानाची वही. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. आठवीच्या परीक्षा त्या वर्षी रद्द झाल्या आणि मी घरीच होतो, म्हणून वही माझ्याकडे आली. त्यातील आकडे लहान आहेत, पण ते खरे आहेत.

प्रथम 'लहान धंदा' म्हणजे केवढा ते पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीप्रमाणे २०१५-१६ साली देशात शेतीबाहेरचे सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्म होते. 'सूक्ष्म' या शब्दाची गंमत अशी, की १ जुलै २०२० पासून ज्याची यंत्रसामग्रीतली गुंतवणूक एक कोटीपर्यंत आणि वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत, तो सूक्ष्म. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा अडीच कोटी व दहा कोटी झाली आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि एक पंखा असलेले आमचे दुकान आणि पाच कोटींचा कारखाना त्या वेळी एकाच खान्यात मोडत होते. तेव्हा सरकारी घोषणेत 'सूक्ष्म उद्योगांना साहाय्य' असे वाचले की ते आपल्यासाठी आहे असे समजण्यात चूक होऊ शकते. आमची झाली.

मार्च २०२० मध्ये आमचा महिन्याचा स्थिर खर्च असा होता: गाळाभाडे ४,००० रुपये, वीजबिलातला स्थिर आकार धरून ४०० रुपये, खुर्च्या-आरशांसाठी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता २,५०० रुपये. घरखर्च ९,००० रुपये. घरखर्च धंद्यात धरावा की नाही याबद्दल पुस्तकात निराळे मत असेल, परंतु लहान दुकानाचा गल्ला आणि घरातला डबा एकच असतो. एकूण १५,९०० रुपये, म्हणजे रोजचे ५३० रुपये. हाताशी काय होते? पिग्मीत साठलेले १४,००० आणि घरात ६,२०० रुपये. पिग्मी म्हणजे रोज संध्याकाळी पतसंस्थेचा माणूस दुकानात येऊन गोळा करतो ती दैनिक बचत. आम्ही रोज पन्नास रुपये भरत असू. २०,२०० ला ५३० ने भागले की ३८ येतात. थोडक्यात, आमची तयारी ३८ दिवसांची होती.

लहान धंद्याची ताकद मोजण्यास हा भागाकार मला सर्वांत उपयोगी वाटतो. दुकान बंद राहिले तर किती दिवस तग धरता येईल? नफा किती हा प्रश्न नंतरचा.

३८ दिवस संपले ते एप्रिलच्या शेवटी. उरलेल्या ६० दिवसांचे ३१,८०० रुपये कोठून आले तेही वहीत आहे. रेशनवर गरीब कल्याण अन्न योजनेचे माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले. भाजी, दूध, किरकोळ खर्च यांना कात्री लावली. त्यातून ६,००० वाचले. दोन महिन्यांचे निम्मे भाडे, म्हणजे ४,००० रुपये, गाळामालकांनी सोडले. पतसंस्थेचे दोन हप्ते, म्हणजे ५,००० रुपये, विनवणी करून पुढे ढकलले. आईच्या दागिन्यावर सोनेतारण १५,००० घेतले. राहिले १,८००, ते किराणा दुकानदाराच्या खात्यावर चढले.

या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते, की तोटा नाहीसा झालेला नाही. तो आमच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत गेला. आमचे गाळामालक कोणी धनिक नव्हेत. विनाअनुदानित शाळेतून निवृत्त झालेले ते मास्तर, त्यांना पेन्शन नाही. दोन गाळ्यांचे भाडे हेच त्यांचे उत्पन्न. त्यांनी आम्हाला निम्मे सोडले तेव्हा त्यांच्या घरात निम्मे कमी झाले.

आणि एक माणूस या हिशेबात दिसतच नाही. आमच्या दुसऱ्या खुर्चीवर नात्यातले एक काका काम करीत. बहुतेक सलूनांत कारागीर पगारावर नसतो, टक्केवारीवर असतो. ते जेवढे काम करतील त्यातले निम्मे त्यांचे, निम्मे दुकानाचे. पुस्तकी भाषेत तो बदलता खर्च. दुकान बंद झाल्याबरोबर तो खर्च शून्य झाला, म्हणूनच आमचा रोजचा आकडा ५३० वर राहिला. परंतु आमच्या वहीतला तो शून्य म्हणजे काकांची सबंध मिळकत होती. त्यांच्याकडे ना पिग्मी, ना वही. मे महिन्यात त्यांनी हातगाडी भाड्याने घेऊन भाजी विकण्यास सुरुवात केली.

साथ सर्वांना सारखी असते असे त्या काळी पुष्कळ ऐकले. बाजारपेठेच्या रस्त्यावर उभे राहून पाहिले तर ते खरे वाटत नसे. पिठाच्या गिरणीला उसंत नव्हती. शिंप्याने मुखपट्ट्या शिवून महिना काढला. मंडपवाल्यांचे सर्वांत वाईट झाले. त्यांची वर्षाची कमाई चैत्र ते ज्येष्ठ या लग्नसराईत होते. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया कोरडी गेली, आणि पुढे परवानगी मिळाली ती पन्नास माणसांच्या लग्नाला. पन्नास माणसांना मंडप कशाला लागतो? भांडवल म्हणून घेतलेले बांबू, कापड, पातेली गोदामात पडून, आणि कापडावर उंदीर. न विकलेली साखर पुढच्या महिन्यात विकता येते. न झालेली दाढी पुढच्या महिन्यात दोनदा होत नाही. ज्याचा माल साठवता येतो तो थांबू शकतो. सेवा विकणारा थांबला की गेलेला दिवस गेलाच.

किराणा दुकान जीवनावश्यक म्हणून उघडे होते. आम्हाला वाटे, यांची चांदी आहे. समोरच्या दुकानदारांशी बोललो तेव्हा निराळाच प्रकार कळला. खेळते भांडवल ही गोष्ट मला तेथे समजली. समजा, दुकानदाराजवळ स्वतःचे एक लाख रुपये आहेत आणि घाऊक व्यापारी त्याला आणखी एक लाखाचा माल पंधरा दिवसांच्या उधारीवर देतो. मग तो एक लाखात दोन लाखांचे दुकान चालवतो. टाळेबंदीत घाऊक व्यापाऱ्याने सांगितले, रोख द्या आणि माल उचला. त्याच्यावरच्या कंपनीने त्यालाही तेच सांगितले होते. दुसऱ्या बाजूने गिऱ्हाइके, त्यांत आम्हीही आलो, उधारी वाढवून मागत होती. वरची उधारी बंद, खालची वाढलेली. दोन लाखांचे दुकान एक लाखाचे झाले आणि त्यातलेही काही लोकांच्या खात्यांवर अडकले. गर्दी दिसत होती ती खरी, पण फळ्या रिकाम्या होत चालल्या होत्या.

उद्याचा भरवसा नाहीसा झाला की उधारी मरते, आणि हे काही २०२० सालीच घडले असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे उघड झाले, आणि १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत शहरातील निम्म्याच्या आसपास माणसे गाव सोडून गेली. तेथील गिरण्यांत मजुरी महिन्याने, आणि तीही मागाहून, देण्याची रीत होती. म्हणजे कामगारच मालकाला काही आठवड्यांची उधारी देत असे. प्लेगात कामगार मिळेनासे झाले आणि जे राहिले त्यांनी रोजची मजुरी रोज मागितली. मालकांना ती द्यावी लागली. महिनाभर कोण जगेल आणि कोण येथे राहील याची खात्री नसताना मागाहून मिळणारा पगार कोण धरून बसणार? गिरणीकामगार आणि आमच्या गावचा घाऊक व्यापारी यांच्यात काहीच साम्य नाही, पण दोघांनी रोकड मागितली ती एकाच कारणाने.

आता सरकारी साहाय्याकडे वळू. साहाय्य झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ते कोणत्या दाराने आले ते पाहावे लागते.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी हप्ते तीन महिने लांबवण्याची मुभा दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. गावात याचा अर्थ 'हप्ते माफ' असा झाला. वस्तुतः हप्ते थांबले होते, व्याज थांबले नव्हते. एक लाख रुपये बारा टक्क्यांनी देणे असेल तर महिन्याला एक टक्का, म्हणजे सहा महिन्यांचे सरळ व्याज ६,००० रुपये. ते मुद्दलात मिळवून व्याजावर व्याज धरले तर ६,१५२ रुपये. पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचे व्याज सरकारने परत केले आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वच कर्जांसाठी ते आकारू नये असे सांगितले. वृत्तपत्रांत मोठे मथळे आले. आमच्या उदाहरणातल्या कर्जदारास त्यातून मिळाले १५२ रुपये. सहा हजार त्याला द्यायचेच होते.

आमच्या बाबतीत तर हेही लागू नव्हते. रिझर्व्ह बँकेचा आदेश बँका आणि वित्तकंपन्यांना होता; सहकारी पतसंस्था तिच्या नियंत्रणाखाली येत नाहीत. वडिलांनी वर्तमानपत्राचे कात्रण खिशात घालून पतसंस्था गाठली आणि तेथे हे उत्तर ऐकले. मग कात्रण खिशातच ठेवून त्यांनी हात जोडले, तेव्हा दोन हप्ते पुढे गेले.

मे २०२० मध्ये तीन लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर झाली. तारण नको, हमी सरकारची, चार वर्षांची मुदत, पहिले वर्ष मुद्दल नाही. योजना चांगली होती. पण २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे वा वित्तकंपनीचे जेवढे कर्ज अंगावर असेल त्याच्या वीस टक्के, असे तिचे माप होते. म्हणजे ज्याला आधी बँकेने उभे केले त्यालाच आता आधार. ज्याने कधी बँकेची पायरी चढली नाही त्याच्या शून्याचे वीस टक्के शून्यच. जूनमध्ये शहरांतील पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली; तीत दहा हजारांचे पहिले कर्ज होते आणि वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात सात टक्क्यांची सूट होती. झाडाखाली खुर्ची मांडून बसणारा नाभिक तीत बसतो; भाड्याच्या गाळ्यात बसलेला बसत नाही. अगदी गरिबासाठी एक दार आणि कर्जदारासाठी दुसरे. मधल्यांनी कोठे जायचे, हे कोणी मुद्दाम ठरवले नसेल, पण झाले असे खरे.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या मानाने २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज आला. व्यापार, हॉटेले, वाहतूक व दळणवळण यांत ४७ टक्के. जाणकार सांगतात, की अशा तिमाही अंदाजात नोंद नसलेल्या लहान धंद्यांचे आकडे थेट येत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून त्यांचा अदमास केला जातो. आमची घट १०० टक्के होती.

दुकान उघडले त्या रविवारी सकाळी सातपासून रांग होती. वडील त्या दिवशी जेवायला बसले नाहीत. दोन आठवडे असे गेले आणि आम्हाला वाटले, बुडालेले भरून निघाले. वही पाहिली तेव्हा उलगडा झाला: तीन महिन्यांचे केस घेऊन आलेला माणूस एकदाच केस कापून घेतो. एरवी तो तीनदा आला असता. शिवाय नियमाप्रमाणे मुखपट्टी, हातमोजे, दर गिऱ्हाइकाला नवा कागदी टॉवेल, दर वेळी खुर्ची पुसणे. माणशी पंधरा रुपये खर्च वाढला आणि वेळ वाढला तो निराळा. कटिंगचा दर ५० वरून ८० केला. त्यावर कुरकुर झाली, पण सगळ्या गावात तोच दर झाल्याने टिकला.

दाढीचे मात्र कायमचे नुकसान झाले. २८ जूनची परवानगी केस कापण्यापुरती होती, दाढीला नव्हती. दाढीची परवानगी येईपर्यंत लोक घरी शिकले, यंत्रे विकत घेतली. आमची दाढीची निम्मी गिऱ्हाइके परत आलीच नाहीत. धंदा बंद राहिला तर उत्पन्न बुडते एवढेच मी धरून चाललो होतो; गिऱ्हाइकाची सवयही मोडते हे कोणत्या रकान्यात लिहावे?

काका आले नाहीत. भाजीत रोज संध्याकाळी हातात पैसे येतात, ते म्हणाले. दुसरी खुर्ची रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून नववीत असताना संध्याकाळी आणि रविवारी मी तेथे उभा राहू लागलो. अजूनही राहतो. या अंकाच्या वाचकांपैकी काहींचे केस मी कापले आहेत. बिघडले असतील त्यांनी क्षमा करावी. सांगायचे ते असे, की माझ्या कामाला टक्केवारी नाही, म्हणून वहीत तो खर्च दिसत नाही आणि दुकान पूर्वीपेक्षा फायद्यात आल्यासारखे दिसते. पुष्कळ लहान धंदे 'सावरले' असे म्हणतात, तेव्हा दुसऱ्या खुर्चीवर कोण उभे आहे ते पाहावे.

एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध पुन्हा आले आणि दुकान सुमारे दोन महिने बंद राहिले. सोनेतारण फेडणे चालू असल्याने हाताशी रोकड पहिल्या खेपेपेक्षा कमी होती, तरी ते दिवस कमी त्रासाचे गेले. एक कारण असे, की वडिलांनी मास्तरांशी आधीच बोली केली होती: सरकारी हुकुमाने दुकान बंद राहील तेवढे दिवस भाडे निम्मे, आणि त्याबदली एरवीच्या महिन्यांत भाडे २०० रुपयांनी जास्त. कागद नाही, शब्द फक्त. स्थिर खर्चाचा काही भाग त्यांनी बदलता करून घेतला, आणि त्याची किंमत आधी मोजली. ही कल्पना त्यांना कोणी शिकवली नव्हती. मला मात्र ती समजायला फळ्यावरची आकृती लागली.

एवढे सगळे भोगल्यावर दुकानदार शंभर दिवसांची शिल्लक का ठेवत नाहीत, असे विचारले जाते. हाही हिशेब करून पाहिला. पहिल्या खेपेला जे ३१,८०० कमी पडले तेवढे कायम बाजूला ठेवायचे, तर पिग्मीवर व्याज ४ टक्के मिळते आणि कर्जावर १४ टक्के द्यावे लागते. तेच पैसे कर्जात भरले तर वर्षाला ३,१८० रुपये वाचतात. म्हणजे न आलेल्या साथीची तयारी म्हणून दर वर्षी जवळपास एका महिन्याचे भाडे द्यायचे. मोठ्या कंपनीला तो विम्याचा हप्ता वाटेल. लहान दुकानात त्या पैशात एक वस्तरा-संच, एक पावसाळ्याची गळती आणि एक आजारपण भागते. शिल्लक न ठेवणाऱ्यास बेफिकीर म्हणण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घ्यावा. आमच्या रस्त्यावर बहुतेकांनी मधला मार्ग काढला: पिग्मी पन्नासाची शंभर केली आणि कर्ज थोडे सावकाश फेडले.

गेल्या महिन्यात मी वही पुन्हा मांडली. रोजचा खर्च आता ७२० रुपये आणि हाताशी ४६,८००, म्हणजे ६५ दिवस. वडिलांना आकडा सांगितला. ते वस्तऱ्याला धार लावत होते, मान वर न करता त्यांनी विचारले, "यात तुझी परीक्षा फी धरलीस का?" धरली नव्हती. ती १,४४० रुपये आहे. वजा करून ६३ दिवस लिहिले.